नेच्याचं पालथं पान

सेवेरिनच्या नावदिवसाला ब्रुनोन हसत हसत आला, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ओल्शिनीत नावदिवसाचं आमंत्रण कुणी कुणाला देत नाही. कॅलेंडरवर दर दिवसाला संतांची नावं असतात; ज्याचं नाव आलं त्यानं केक कापून ठेवायचा, ज्याला यायचं तो येतो. ब्रुनोन तर कुंपणापलीकडचा शेजारी, लाकडाच्या कारखान्यात सेवेरिनबरोबर जन्म काढलेला. त्यानं बाटली टेबलावर ठेवली, सेवेरिनच्या बायकोच्या, योलांताच्या हाताचं चुंबन घेतलं, खुर्ची ओढली आणि सेवेरिनच्या पाठीत दणका घालून म्हणाला, "लबाडा! तीन बर्च, मधे सीमेचा दगड, पलीकडे पाण्याचा चर! जन्मभर तुझ्या मागावर होतो मी, आणि तू तिथे जायचास होय रे?"

सेवेरिनचा केकचा घास तोंडाशीच थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जाऊन आलो की मी! तुझ्या बोग्नाच्या गेममध्ये. पाऊस पडून गेला, थोडा थांबलो आणि मग गेलो. दगडाच्या मागे, पाइनखाली, ह्या एवढाल्या टोप्या! माउस धरवेना मला."

बोग्ना, सेवेरिनची मुलगी, समोरच बसली होती. बापानं तिच्याकडे पाहिलं. राग असता तर तिनं तो सोसला असता, बापाचा राग तिला नवा नव्हता. पण आपल्याच घरात कुणी परकं माणूस बसलंय तसं तो तिच्याकडे बघत होता. मग तो उठला, पाहुण्यांच्या देखत आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. स्वतःच्या नावदिवसाला!

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, अळंबीची जागा ती काय आणि तिचा एवढा बाऊ काय. वाटू दे. आमच्याकडे माणूस घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवेल, बायकोशी झालेलं भांडण दारूच्या टेबलावर सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. टोपली भरून येताना कुणी भेटलं आणि त्यानं विचारलं, "कुठे मिळाल्या?" तर एकच उत्तर, "रानात." विचारणाराही तेवढ्यावर मान डोलावून पुढे जातो, कारण त्यालाही दुसरं काही सांगायचं नसतं. सेवेरिनला ती जागा त्याच्या बापानं दाखवलेली. त्यानं ती एकट्या बोग्नाला दाखवली, ती दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हा. योलांताला नाही. लग्नाच्या बायकोला नाही!

आणि मग काही वर्षांपूर्वीचं ते ऑगस्टचं वादळ आलं. एका संध्याकाळी सुरू झालं, आणि सकाळी लोक दारात येऊन उभे राहिले तर समोर रान नव्हतं. ब्र्दा नदीपर्यंत सरळ दिसत होतं. जिथे माणसाला पलीकडचं पाऊल दिसू नये अशी दाटी, तिथे सगळी झाडं एकाच अंगाला आडवी. त्या दिवसापासून सेवेरिननं रानाकडे पाठ फिरवली. सरकारनं नवी रोपं लावली, ती माणसाच्या डोक्यावर गेली, पण हा बघायलासुद्धा गेला नाही. त्याचा चाकू खिळ्याला आणि टोपली माळ्यावर. "रानात" म्हणायला रानच उरलं नाही म्हटल्यावर तो एकूणच कमी बोलायला लागला.

बोग्ना खिडक्यांच्या कारखान्यासाठी आराखडे काढायची, निम्मा आठवडा घरून. उरलेला जीव 'उत्तरवाट' नावाच्या गेममध्ये. जुना गेम. तलवारी, किल्ले, राक्षस, आणि चालत सुटलं तर संपता संपत नाही एवढा मुलूख. पण त्यातलं रान बघून तिचं डोकं फिरायचं. तीनच झाडं, तीच फिरवून फिरवून लावलेली. अळंब्या दिव्यासारख्या चमकणार, एक उपटली की तिथेच दुसरी हजर. कोपऱ्यात होकायंत्र, डोक्यावर बाण, आणि वर अखंड संगीत. "हे रान आहे की दुकान?" ती चिडून म्हणायची. ह्या गेममध्ये खेळणारे लोक स्वतःच्या हातानं भर घालतात, त्या भरीला मॉड म्हणतात. कुणी नवे घोडे घालतं, कुणी कपडे. बोग्नानं आधी काढून टाकायलाच सुरुवात केली. होकायंत्र काढलं, नकाशा काढला, बाण, आकडे, संगीत, सगळं पुसलं. मग रात्र खरोखर काळी केली. मग पाऊस असा केला की पडून गेल्यावरही पानांवरून बराच वेळ ठिबकत राहावा. अळंबी पावसानंतरच उगवणार, आपापल्या झाडाखालीच उगवणार, आणि कापली की पुढच्या पावसापर्यंत तिथे नुसता देठाचा पांढरा ठिपका राहणार. त्यावर शेवाळ दाबून झाकायची सोयही केली, कारण मुळं उघडी टाकून जाणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. उचललेली कुठलीही वस्तू, दगड म्हणा, पान म्हणा, पाहिजे तिथे ठेवता यायची.

आणि सगळ्यात शेवटी झाडं. मुलखाचा ईशान्येचा कोपरा गेमवाल्यांनी ओसाड सोडला होता. तिथे तिनं दोन हिवाळे बसून एकेक झाड हातानं लावलं.

मग एका रविवारी सकाळी ती त्या रानात पहिल्यांदा शिरली. धुकं होतं. चार पावलं गेली आणि मागची वाट दिसेनाशी झाली. कुठेतरी सुतारपक्षी टकटकला, थांबला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. वारा वर शेंड्यांतच फिरत होता, खाली पान हलत नव्हतं. ती डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण चुकलो. स्वतः लावलेल्या रानात चुकलो! खुर्चीत बसलेली बाई, शेजारी कॉफीचा मग, आणि वाट सापडेना. किती मोठं आहे हे, तिला वाटलं. किती मोठं, आणि ह्याला माझी काही पडलेलीच नाही. लहानपणी बापाचं बोट सुटायचं तेव्हा असंच वाटायचं, अगदी असंच. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं.

मग धुकं विरलं आणि समोर तीन बर्च होते. मधे सीमेचा दगड, पलीकडे चर. तिनं काही ठरवलं नव्हतं. झाडं लावता लावता हात आपोआप तिकडे गेला होता.

तेव्हाच ती जागा पुसायला हवी होती. पण रान पडलंय, जागा मेलीय, मेलेल्या जागेचं गुपित कसलं, असं तिला वाटलं. ओल्शिनीत जन्मून असं वाटावं म्हणजे कमालच झाली! तिनं ते रान होतं तसं जगाला देऊन टाकलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलं, "तुमच्या झाडाखाली पाऊस थांबेपर्यंत बसून राहिलो. राक्षस मारायला निघालो होतो, ते विसरूनच गेलो." ते वाचून बोग्ना दिवसभर हवेत होती. ब्रुनोनकडेही कॉम्प्युटर असेल आणि तोही त्या रानात शिरेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

नावदिवसानंतर सेवेरिननं मुलीशी अबोला धरला. मीठ हवं असलं तरी तो म्हणायचा, "योलांता, मीठ." मीठ बोग्नाच्या हाताशी असायचं. योलांता दोघांकडे बघायची. ही बाई तशी मोकळी, कामं आटोपली की बैठकीतल्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव लावून बसायची, पण ह्या भानगडीत तिनं चकार शब्द काढला नाही.

सर्व संतांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या एक तारखेला, तिघं कबरींवर दिवे लावायला कबरस्तानात गेली. सगळं गाव तिथे, मेणबत्त्यांचे लाल-पिवळे पेले, शेवंतीचे ढीग. योलांता तिच्या माहेरच्यांच्या कबरीकडे वळली. बोग्ना पाणी आणायला गेली आणि परतताना बापाच्या मागे येऊन थांबली. सेवेरिन टोपी हातात धरून आपल्या बापाच्या दगडाशी उभा होता.

"बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "जागा गेली. पोरीनं वाटून टाकली. मीच दाखवली होती तिला, तेव्हा चूक माझीच."

बोग्नाच्या हातातलं भांडं जड झालं. बाप आपल्या बापाची माफी मागत होता, आणि ती तिच्यामुळे. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी काढून टाकते ते. आजच."

तो वळला नाही. "सांगितलेलं परत गिळता येतं होय?"

"पण ती जागा आता आहे कुठे? तिथे तर गवत आणि रोपं आहेत रे नुसती."

"नसली म्हणून काय झालं? नसली तरी माझीच होती ना?"

बोग्नानं भांड्यातलं पाणी शेवंतीला घातलं. सेवेरिननं मेणबत्ती पेटवली, वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा केला आणि ज्योत स्थिर झाल्यावर म्हणाला, "घरी गेल्यावर दाखव मला. काय वाटून टाकलंस ते बघू तरी."

योलांता कबरस्तानातूनच बहिणीकडे बिदगोश्चला गेली, आठवडाभर राहायला. घरी दोघंच. बोग्नानं बैठकीतला कॉम्प्युटर लावला, बापाला खुर्चीत बसवलं आणि कुठलं बोट कुठे ठेवायचं ते सांगितलं. सुरुवातीला तो झाडांवर जाऊन आपटत होता. एकदा नुसता आभाळाकडेच बघत राहिला, कारण मान खाली कशी घालायची ते जमेना. "हे काय चाळे आहेत!" तो करवादला.

मग जमलं. पाऊस नुकताच थांबला होता. पाइनच्या खोडांवर उन्हाची तिरीप आली, खाली शेवाळातून वाफ निघायला लागली, आणि सेवेरिनचं पुटपुटणं बंद झालं. तो चालत गेला. बोग्ना त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीला धरून. तो एका खोडाशी आला आणि पलीकडे काय आहे ते बघायला खुर्चीतच डावीकडे वाकला. पडदा काही वाकत नाही, पण हा वाकला! थोडं पुढे गेल्यावर त्यानं खुर्ची पुढे ओढली. आणखी पुढे गेल्यावर मुलीला म्हणाला, "दिवा घालव." तो कुजबुजत बोलत होता. जागा जवळ आली की तो नेहमी कुजबुजायचा.

तीन बर्च दिसले तसा तो थांबला. कितीतरी वेळ थांबला. शेंड्यांतून वारा गेला, पाण्याचे चार थेंब टपटपले. दगडाच्या मागे पाइनखाली तपकिरी टोपी होती, अर्धी शेवाळात बुडालेली. आमच्याकडे तिला 'खरी' म्हणतात, बाकीच्या सगळ्या नुसत्याच अळंब्या.

"देवा," सेवेरिन म्हणाला. "देवा रे देवा. हे तर उभं आहे सगळं."

त्यानं हात पुढे केला आणि बोटांची टोकं काचेवर ठेवली. काच गार लागली असणार, पण त्यानं हात काढला नाही. बोग्नाला वाटलं आपण इथे असू नये, देवळात कुणी रडत असताना तिथे असू नये तसं. एवढा मोठा माणूस, झाडाच्या पडत्या फांद्या खांद्यावर झेललेला, आणि तो एका चित्रापुढे लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बसला होता. बरं, चित्र तरी कसं म्हणावं त्याला? तिला स्वतःलाच ते आता आपण केलेलं वाटेना.

"कापू का?" त्यानं विचारलं.

"काप की. आणि मग शेवाळ दाबता येतं."

"येतं?" त्यानं पहिल्यांदाच वळून तिच्याकडे पाहिलं. "तेसुद्धा घातलंस?"

"मग? तुझ्याच हाताखाली शिकले ना मी?"

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "बोग्ना, मीठ दे."

दुसऱ्या दिवशी ब्रुनोन कुंपणावरून आला, कानकोंडा होऊन. नावदिवशी आपण काय करून बसलो ते त्याच्या बायकोनं त्याला चांगलंच समजावलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो बोग्नाला म्हणाला, "पोरी, तुझ्या रानात माझीही एक जागा घाल ना. वादळात गेली गं ती. एकदा बघावीशी वाटते."

"घालते की काका. कुठे होती?"

ब्रुनोननं तोंड उघडलं. सेवेरिनकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"ते सांगावं लागेल होय?" तो म्हणाला.

सेवेरिन खो खो हसला. वादळानंतर बोग्नानं हे हसणं ऐकलं नव्हतं. ब्रुनोनचा चेहरा बघून तिला मात्र दया आली. तिनं त्याला समजावलं, झाडं लावायची कळ ती शिकवेल, त्यानं आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर, दार लावून आपली जागा आपण लावावी. ती त्याच्याच घरात राहील, बाहेर कुणाला दिसणार नाही.

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा नाही."

ब्रुनोन खूश होऊन गेला. सेवेरिन मात्र बसून राहिला. नखानं टेबलावरचं काहीतरी खरवडत होता. मग म्हणाला, "दार लाव."

"लावलेलंच आहे."

"कडी घाल." आणि कडी घातल्यावर, अगदी हळू, "माझी आणखी एक होती."

बोग्ना त्याच्याकडे बघतच राहिली. तिशी उलटली तिच्या वयाची, आणि बापानं ताकाला तूर लागू दिली नव्हती!

"बाबा!"

"तू तोंड मिटायला शिकलीस की दाखवणार होतो. तेवढ्यात वादळ आलं. आता मी गेलो की ती कुणाच्या डोक्यात उरणार नाही." त्यानं घसा खाकरला. "लाव तिथे झाडं. मी सांगतो तशी. पण ह्या घरातून बाहेर जाता कामा नये."

मग ते दोघं त्या आठवड्यात रोज दुपारी बसले. जुन्या गिरणीच्या बांधापलीकडे, दोन ओक, एक वाकलेला. "अजून वाक. अजून. माणसाला वाटलं पाहिजे आता पडतो." खाली नेच्याचं बेट. उतार नदीकडे. सेवेरिन डोळे मिटून सांगायचा आणि बोग्ना लावायची, आणि तिला पदोपदी नवल वाटायचं, की एका माणसाच्या मिटल्या डोळ्यांमागे एवढं रान उभं असतं, खोडावरच्या गाठीसकट, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

"इथे एक चोर यायचा," शेवटच्या दिवशी तो म्हणाला. "वर्षानुवर्षं. मी शनिवारी जायचो, तर तो आधीच येऊन गेलेला. पण चोर असला तरी घराण्याचा हं. सगळं न्यायचा नाही, बारक्या सोडायचा. शेवाळ इतकं नीट दाबायचा की आपल्याला जमू नये. आणि वर नेच्याचं एक पान, पालथं. दर वेळी. खूप शिव्या दिल्या मी त्याला. एकदा भेटावा असंही वाटायचं." तो थांबला. "वादळानंतर कळलं नाही कोण होता. असेल तर बिचारा तोही घरी बसला असेल."

योलांता परत आली तोवर सगळं लावून, आवरून झालं होतं. गेममध्ये पाऊस पाडून ठेवला, आणि उद्या सकाळी पहिल्यांदा जायचं असं ठरलं. पण सकाळी सेवेरिनची दातांच्या डॉक्टरांकडे वेळ ठरलेली होती, आणि बोग्नाला कारखान्यात जावं लागलं. दुपारी दोघं बरोबरच घरी आली. स्वयंपाकघरात योलांता कणीक लाटत होती, पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या करायला. सेवेरिन कोटसुद्धा न काढता कॉम्प्युटरपुढे बसला.

बांध आला. ओक दिसले. सेवेरिन कुजबुजला, "हळू." तो नेच्यांच्या बेटात शिरला, खुर्चीत वाकला, आणि तसाच राहिला.

मोठ्या टोप्या नव्हत्या. बारक्या तेवढ्या होत्या. जिथे मोठ्या असायच्या तिथे शेवाळ दाबलेलं होतं, इतकं नीट, की बोग्नाला आधी आपण तिथे काही लावायचंच विसरलो असं वाटलं. आणि शेवाळावर नेच्याचं एक पान होतं. पालथं.

बोग्नाच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिनं हे पान ठेवलं नव्हतं. बापानं ठेवलं नव्हतं, तो तर आज पहिल्यांदा इथे येत होता. हे रान ह्या एका पेटीत होतं, ह्या एका खोलीत, आणि त्यातून कुणीतरी चालून गेलं होतं. बाहेर रान पडून गेलं, खोडं उचलून नेली, नवी रोपं डोक्यावर गेली, आणि तो चोर अजून सेवेरिनच्या आधी येत होता.

सेवेरिननं माउस सोडला. "बोग्ना," तो म्हणाला, "हा कुठून आला?"

मग दोघांनाही एकदमच स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज ऐकू आला.

सेवेरिन उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. योलांतानं वर पाहिलं नाही. ग्लासाच्या काठानं पिठाचे गोल पाडत होती.

"पत्ते लावायला बसले होते," ती म्हणाली. "तर पडद्यावर तुमचं रानच उघडं, म्हटलं बघू तरी, पोरीच्या रानात माझी जागा आहे का. आधी झाडांवर आपटले, मग जमलं. गिरणीच्या बांधावरून गेले. तर होती." तिचा हात थांबला. "ओकसुद्धा तसाच. सेवेरिन, मी इथे येऊन, ह्या ओट्याला धरून उभी राहिले बराच वेळ."

"तुझी जागा?" सेवेरिन म्हणाला. "ती माझी जागा!"

"माझ्या वडिलांची. मी परकर सावरत जायचे तिथे, तेव्हा तू नदीच्या ह्या बाजूला पाऊलही टाकलं नव्हतंस. पालथं पान म्हणजे घेतलं, पण मुळं राखली. आमच्या घरची खूण आहे ती."

"शुक्रवारी," तो म्हणाला. "तू शुक्रवारी जायचीस. मी कामावर असताना."

"मग? शनिवारी तू जायचास ना. तुझे बूट मी धुवायचे रे, कुठला चिखल आहे ते मला कळत नसेल? आणि नाताळच्या सूपाला एवढा वास तुझ्या टोपलीतल्या चार अळंब्यांनी येत होता असं वाटलं तुला?"

"चाळीस वर्षं! आणि बोलली नाहीस?"

योलांतानं आता त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला खरंच त्याचं नवल वाटत होतं. "जागा सांगतं का कुणी?" ती म्हणाली.

सेवेरिन स्टुलावर बसला. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या आणि ज्याला एकदा भेटावं वाटलं, ते माणूस हाताला पीठ लावून समोर उभं होतं. तो तिच्याकडे बघत होता, त्या दिवशी त्या तीन बर्चकडे बघत होता तसाच. बोग्ना दाराला टेकून उभी होती. आपण एवढं रान लावलं, तिच्या मनात आलं, आणि ह्या दोघांपुढे ते काहीच नाही.

"आणि गेल्या महिन्यातल्या त्या?" सेवेरिननं अचानक विचारलं. "चिकट टोपीच्या, लोण्यात परतलेल्या. बाजारातून आणल्यास म्हणालीस. गेल्या वर्षीही. त्याच्या आधीही."

योलांता गोल पाडत राहिली.

"योलांता. त्या कोवळ्या पाइनखाली येतात. कोवळ्याच पाइनखाली."

"हो ना," ती म्हणाली. "यंदा थंडीही लांबलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोग्ना खाली आली तर खिळ्यावर चाकू नव्हता. माळ्याचं झाकण उघडं होतं. खिडकीतून तिला दोघं दिसली, नव्या लावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. योलांता पुढे, सेवेरिन दहा पावलं मागे. रोपांच्या कडेशी तो अडखळला आणि उभा राहिला. योलांता थांबली नाही, हाक मारली नाही, नुसती फांदी बाजूला सारून आत शिरली. फांदी परत जागेवर आली. सेवेरिन त्या हलणाऱ्या फांदीकडे बघत राहिला, मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि आत गेला.

दुपारी परत आली. दोघांचे गुडघे ओले, सेवेरिनच्या केसांत पाइनच्या काड्या, टोपलीवर फडकं, आणि फडक्याखाली गच्च भरलेलं. बोग्नाला राहवलं नाही.

"बाबा, कुठे मिळाल्या?"

सेवेरिननं टोपली टेबलावर ठेवली. बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"रानात," तो म्हणाला.